ओल्या पदराची ओवी

दोन हजार तेराचा उन्हाळा. वाळूजच्या कारखान्यांमागं वाढलेल्या वस्तीत रविवारी दोन रांगा लागत. एक पत्र्याच्या चर्चमध्ये माणसांची, दुसरी चर्चच्या भिंतीला लागून हंड्यांची. टँकर उपासना सुटायच्या सुमाराला यायचा, म्हणून बायका हंडे नंबराला लावून आत बसत. गाणं देवाचं चाले, कान हॉर्नकडं असत.

"भागूबाई, गीताबाईनं तुमचा हंडा मागं सारलाय बरं का," कुणीतरी कुजबुजलं.

"सारू दे. तिची सून पोटुशी हाय."

पुढं मुख्य पंच कारभारी उभे राहिले. चिकलठाण्याच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. सदरा पांढराशुभ्र, खिशाला लाल पेन. "बंधूंनो," त्यांनी सुरुवात केली. समोर साठ डोकी होती, त्यांतली चाळीस पदराखालची. त्या चाळीसजणींनी नेहमीसारख्या माना लववल्या. नाव न घेता हाक मारली तरी ओ द्यायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

भागूबाईच्या शेजारची जागा मात्र रिकामी होती. ती सुकेशनीची. भागूबाईची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची, त्या वेळी घरात खाटेवर पडून होती. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. पोर तहानेनं तळमळली की भागूबाई पदराचं टोक भिजवून तिच्या ओठांवर पिळायची आणि हलक्या आवाजात म्हणायची,

*देव माझी माय गं, तिचा पदर ओला ओला,*
*तान्हेल्या लेकराच्या ओठी पिळून तिनं दिला.*

सुकेशनीला एकच हवं होतं. प्रभूभोजनाची भाकर, चर्चमध्ये दर महिन्याला मोडून वाटतात ती. ती तिला कधीच मिळाली नव्हती.

या मंडळीची रीत अशी, की पहिल्यांदा भाकर घेण्याआधी पंचांपुढं परीक्षा द्यायची, 'आमच्या बापा'नं सुरू होणारी प्रार्थना तोंडपाठ म्हणून दाखवायची. दोन वर्षांपूर्वी सुकेशनी परीक्षेला बसली, ती पहिल्याच शब्दावर अडली. 'बापा' म्हणायला ओठ उघडले की तिला बन्सी दिसे. तिचा बाप. दारू पिऊन कमरेचा पट्टा काढणारा. मग तिनं डोळे मिटले आणि ती म्हणाली, "आमच्या माये..."

"काय म्हणलीस?" कारभारींनी चष्मा काढला.

"माये म्हणलं, काका. बाप म्हणलं की मला पट्टा दिसतो."

"मंग काय देवाला लुगडं नेसवतीस व्हय गं?"

पंच खोखो हसले. लाल पेनानं तिच्या नावावर रेघ पडली. पाळक रामप्रसाद तिथंच होते. आई लेकराला उराशी धरते तसा देव माणसाला धरतो, असं पवित्र शास्त्रातच आहे, हे त्यांना पाठ होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. आणि बन्सी? तो मरेपर्यंत दर महिन्याला पहिल्या रांगेत उभा राहून भाकर घेत होता. त्याची परीक्षा पुन्हा कुणी घेतली नाही.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर भागूबाईनं हंडा रांगेतच सोडला आणि ती कारभारींच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"कारभारीभाऊ, पोरगी आज-उद्याची हाय. भाकरीचा तुकडा द्या तिला."

"एक शब्द बोलाय लावा तिला. एकच. मी सोता घेऊन येतो."

भागूबाईनं घरी येऊन लेकीला सांगितलं. सुकेशनीचा आवाज वाळल्या शेंगेसारखा झाला होता. "आई, मरताना तरी मला खोटं बोलाय लावू नको."

मंगळवारी ती गेली. उपाशी ओठांनी गेली.

मातीच्या वेळी भागूबाईनं तीच ओवी धरली. कारभारींनी हात वर केला. "बंद करा. जात्यावरचं गाणं हितं नाय चालत. कुठून आणता असलं, कुणास ठाऊक!"

बायकांच्या घोळक्यात कारभारींची म्हातारी आई, चंपाबाई, काठीवर उभी होती. तिनं तोंड उघडलं, लेकाकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं. भागूबाईनं ते पाहिलं. ओवी कुठून आली हे तिला माहीत होतं. एका वाक्यात तिथंच सांगता आलं असतं. तिनं ते गिळलं. काही दाणा पेवात घालून ठेवायचा असतो, दुष्काळात काढण्यासाठी.

दुष्काळ पुन्हा आला. तीन वर्षांनी, भर दुपारी, टँकरच्या रांगेत कारभारी आले. सदरा चुरगळलेला, पायात वहाणा नाहीत.

"भागूबाई, चला. माय दोन दिवसांपास्नं पाण्याचा थेंब घेईना. पाणी नेलं की तोंड मिटती. नुसती तुमचं नाव घेती."

भागूबाईनं पाइप हंड्यात धरलेला होता. "नंबर हाय माझा," ती म्हणाली. "थांबा. माझी लेक बी थांबली होती."

एक हंडा भरला. दुसरा भरला. तिसराही तिनं सावकाश काठोकाठ भरला. मग मागं वळून म्हणाली, "चला गं समद्या. पाळकसाहेबांना बी बोलवा. आज परीक्षा हाय."

चंपाबाई खाटेवर चिमणीएवढी झाली होती. भागूबाईला बघून तिचे ओठ हलले. "म्हण गं, भागू... वला वला..."

"व्हय आत्या." भागूबाई खाली बसली नाही. ती कारभारींकडं वळली. "पण मी न्हाय म्हणणार. हे म्हणतील."

"मला येत नाय ते," कारभारी पुटपुटले.

"येतं. दूध पिताना ऐकलंय तुम्ही. मी कुठून आणली इचारत होता न्हवं? ही ओवी तुमच्या मायेची हाय. माझ्या माहेरच्या गावात, तिच्या जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून शिकले मी. माझ्या आधी तुम्ही तिच्या मांडीवर ऐकली."

कारभारींनी आईकडं पाहिलं. म्हातारीनं डोळ्यांनीच 'व्हय' म्हटलं.

"पहिला शब्द सांगा," भागूबाई म्हणाली. "एकच. जसा माझ्या लेकीला मागितला होता तसा."

"भागूबाई, सोडा आता," पाळक रामप्रसाद मध्येच बोलले.

"साहेब, तवा खिडकीतनं बघत होता, आता बी तिकडंच बघा."

साठ वर्षं घरात हाच शब्द उच्चारून कारभारी भाकर मागत आले होते. देवापाशी मात्र तो जिभेवर दगडासारखा झाला. शेवटी फुटला.

"देव... माझी माय गं..."

"पुढं. पदर भिजवा. पिळा."

त्यांनी आईच्याच लुगड्याचा पदर हंड्यात बुडवला, ओठांवर पिळला. चंपाबाईचं तोंड उघडलं. दोन घोट घशाखाली गेले, आणि त्या ओलाव्यातच ती निघून गेली.

कारभारी भागूबाईच्या पायांपाशी कोसळले. "माफ करा मला."

"आत्याची तहान भागली, त्याचा मला आनंद हाय," भागूबाई म्हणाली. "पण माफी माझ्याकडं न्हाय. जिच्याकडं हाय तिच्याकडं चला. रविवारी, समद्या मंडळीदेखत."

त्या रविवारी पत्र्याखालचं चर्च रिकामं राहिलं. चाळीसजणी आपणहून स्मशानभूमीकडं निघाल्या, तेव्हा वीस पुरुषांनाही मागून यावं लागलं. पाळकांनी तिथंच भाकर मोडली. त्यांनी "बहिणींनो, बंधूंनो" म्हटलं, तेव्हा गीताबाई पदरात तोंड घालून रडली. आजवर आपल्याला कुणी हाक मारलीच नव्हती, हे तिला हाक ऐकल्यावर कळलं.

वाचकहो, तुमच्या देवघरात, तुमच्या मंदिरात, अशी किती लेकरं पहिल्या शब्दाशी अडून दाराबाहेर उभी आहेत? त्यांच्या नावावर रेघ ओढणारं पेन कुणाच्या खिशात आहे, ते एकदा चाचपून बघा.

भाकरीचा तुकडा हातात घेऊन कारभारी सुकेशनीच्या मातीपुढं गुडघ्यावर बसले. "आमच्या माये," ते म्हणाले.

भागूबाईनं वाकून भेगाळलेल्या मातीला कान दिला. मग सरळ उभी राहिली, पदर खोचला.

"तिला ऐकू नाय गेलं," ती म्हणाली. "परत म्हणा."