नासच्या खिडकीतले नऊ पेले

मी हनुक्क्याचा, म्हणजे ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचा, दिवा बोलतोय. दिवा म्हटल्यावर पणती डोळ्यांपुढे आणू नका. मी म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्याची सागवानी पाटी, तिला पितळेच्या नऊ कड्या आणि प्रत्येक कडीत काचेचा एक पेला. पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि बारीक काडीला कापूस गुंडाळून केलेली वात. बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरात माझे भाऊबंद भिंतीवर टांगलेले असतात. या घरांत बोलणं-भांडणं सगळं मराठीत चालतं. दिवे लावताना म्हणायची प्रार्थना, जिला ब्राखा म्हणतात, तेवढी हिब्रूत.

माझा जन्म अलिबागजवळच्या झिराडचा. दाराच्या उरलेल्या सागातून सुताराने मला घडवलं, कारण घरात सिपोरा नावाची नवी सून यायची होती. पुढे ती ठाण्याला गेली, तिच्याबरोबर मीही गेलो. वर्षातले आठ दिवस मी मिरवायचो आणि बाकीचे दिवस धूळ खायचो. माझी तक्रार नाही. माणसांना मी एकदाच आठवतो, पण आठवलो की पितळ चिंचेने घासून लख्ख करतात.

सिपोराचा मुलगा रूबेन डॉक्टर होऊन आयर्लंडला निघाला, तेव्हा तिने माझे पेले त्याच्या मोज्यांत कोंबले आणि मला चादरीत गुंडाळलं. तिथल्या नास गावातल्या घरात मी पोचलो तो थेट प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. हनुक्क्याला हे लोक ठाण्याला जायचे, नाहीतर रूबेनची ड्युटी असायची, त्यामुळे मिक्सरच्या जुन्या भांड्याशेजारी मी कितीतरी वर्षं पडून राहिलो.

२०२० च्या डिसेंबरात कुणालाच कुठे जाता येत नव्हतं, म्हणून मी बाहेर निघालो. काढलं मुक्ताने, रूबेनच्या बायकोने. ती पुण्याची, गणपती-दिवाळी करत वाढलेली. मोठी मुलगी सहा वर्षांची नओमी, धाकटा तीन वर्षांचा गंधार. एक नाव वडिलांकडचं, एक आईकडचं, असा त्यांचा समझोता होता. रूबेन घरातच होता, पण वरच्या खोलीत दार लावून. हॉस्पिटलातून कोरोना घेऊन आला होता. मुक्ता त्याचं ताट दाराबाहेर ठेवून खाली यायची आणि मुलांसमोर हसायची. बाबा आजारी आहेत याची झळ मुलांच्या सणाला लागू द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं. स्वतःला लागलेली झळ तिने कुणाला दाखवली नाही. मी पाहिली, कारण ती माझ्याच शेजारी भांडी घासत रडायची.

घर भाड्याचं, भिंतीला खिळा मारायची सोय नाही. मग तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत, पाठीशी पोळपाट लावून उभं केलं. फोनवर ठाण्याहून सिपोरा आजी हजर होतीच.

"खोबरेलच घाल हां मुक्ता. दुसरं तेल घातलंस तर तो दिवा नव्हे, भजी तळायची कढई."

"हो आई, खोबरेलच घालते."

मुक्ताने गंधारच्या मालिशची बाटली आणली, कोमट करून नऊच्या नऊ पेले भरले आणि मुलांचे कपडे बदलायला गेली. परत येते तर तेल थिजून पांढरंफट्ट झालेलं. ठाण्यात हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. आयर्लंडच्या डिसेंबरातली खिडकी म्हणजे जवळजवळ फ्रिजच. वाती तुपात रुतल्यासारख्या ताठ उभ्या, एकही धड पेटेना.

शेवटी तिने परातीत गरम पाणी घेतलं आणि पेले त्यात उभे केले. नओमीला दिवाळीचं तेल लावून न्हाणं आठवलं.

"आर दे हॅविंग अभ्यंगस्नान?" तिने विचारलं. ही मुलं मराठी समजतात आणि उत्तर आयरिश इंग्रजीत देतात.

"हो, त्यांचं स्नान झाल्याशिवाय सण नाही," मुक्ता म्हणाली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्हाला आंघोळ सुरू झाली. इतक्या वर्षांत असे लाड माझे कुणी केले नव्हते.

पहिल्याच दिवशी ती सगळ्या वाती लावायला निघाली. दिवाळीची सवय. वरून फोनवर रूबेन म्हणाला, "अगं, एकच! आज एक, उद्या दोन. आणि मधला शम्मास, बाकीचे लावायला." मग फोन माझ्याजवळ टेकवून ठेवला गेला आणि त्याने वरच्या खोलीतून ब्राखा म्हटली. मुलं तोंडाचा आ करून ऐकत राहिली.

तिसऱ्या संध्याकाळपासून त्याला मध्येच खोकला येऊ लागला. सुरुवातीच्या "बारुख अत्ता"नंतर लहानसा, शेवटच्या शब्दाआधी लांबलचक. खोकून झालं की तो "सॉरी" म्हणायचा आणि पुढे जायचा. मुक्ता त्या वेळी चमच्यांच्या खणाची उगाच उघडझाप करायची.

सहाव्या संध्याकाळी गंधारने घोटाळा केला. त्या वर्षी बिचाऱ्याने वाढदिवस पाहिले ते सगळे पडद्यावर, पण मेणबत्ती फुंकतात एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तो खुर्चीवर चढला, "हॅपी बर्थडे!" ओरडला आणि फू करून अर्ध्याअधिक वाती विझवल्या.

"दिवा फुंकतात का रे!" मुक्ता किंचाळली. तिने त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. तो रडायला लागला.

"काय झालं?" वरून रूबेनने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूबेनचा ऑक्सिजन खाली गेला. प्लास्टिकचे झगे घातलेली माणसं अँब्युलन्स घेऊन आली. रूबेन स्वतःच्या पायांनी जिना उतरला, स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराशी क्षणभर थांबला, हात हलवला आणि गेला. त्यानंतर दिवसभर मुक्ताने गंधारला भरवलं, पुसलं, निजवलं, पण त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. मला वारा विझवतो, मांजर विझवतं, एकदा ठाण्यात छत गळून विझलो होतो. माझ्या विझण्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. हे तिला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! दिवा असण्याचं एरवी मला दुःख नाही, त्या दिवशी झालं.

संध्याकाळी तिने पेले धुतले आणि प्रेसचं दार उघडलं.

"बट इट्स सेव्हन टुनाइट," नओमी म्हणाली.

"आज नको, राणी. बाबा नाहीत. ब्राखा कोण म्हणणार?"

"आय नो इट."

मुक्ताने प्रेसचं दार बंद केलं. मग तिने किटली लावली. आमची आंघोळ झाली. फोनवर सिपोरा आजी आली, डोळे सुजलेली. नओमीने हात जोडले, कारण आई जोडते, आणि सुरुवात केली. "बारुख अत्ता" म्हणून ती थांबली, बारीकसं खोकली, "सॉरी" म्हणाली आणि पुढे गेली. शेवटच्या शब्दाआधी तिने वाकून लांबलचक खोकला काढला, पुन्हा "सॉरी" म्हटलं आणि मग ब्राखा पुरी केली. तिच्या लेखी ती तशीच होती.

मुक्ताने तोंडावर हात धरला. आजी उच्चाराची एक चूकसुद्धा सोडत नाही. ती एवढंच म्हणाली, "बरोबर म्हटलंस गं बाळा."

मग मुक्ताने गंधारला कडेवर घेतलं, त्याच्या हातात पेटती मेणबत्ती दिली, त्यावर आपला हात धरला आणि सातवी वात त्याच्याकडून लावून घेतली. त्याच्या केसांत तोंड खुपसून ती बराच वेळ उभी राहिली.

रूबेन नाताळनंतर घरी आला. अजून जिना चढताना तो मध्ये थांबतो. माझ्या एका पेल्याला चीर गेली आहे, पितळ काळवंडलं आहे, पण माझा मुक्काम आता प्रेसमध्ये नाही, खिडकीतच आहे. जाता जाता एक विनंती करतो. तुमच्या घरातलं मूल प्रार्थना चुकीची म्हणत असेल, तर लगेच दुरुस्त करू नका. कुणाचं ऐकून शिकलंय, ते आधी आठवा.

२०२१ चा हनुक्का नोव्हेंबरअखेरीसच आला. रूबेन माझ्यासमोर स्वतः उभा राहिला आणि पूर्ण ब्राखा एका दमात, स्वच्छ म्हणाला. मुक्ताचे डोळे भरून आले. गंधार मात्र नाराज होता.

"यू लेफ्ट आउट द कफ, डॅडी. अँड द सॉरी."

रूबेनला काही कळेना. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने मुक्ताकडे पाहिलं.

"मुलं तशीच शिकली आहेत," ती म्हणाली. "खोक ना एकदा."

त्याने पुन्हा सुरुवात केली. "बारुख अत्ता" म्हणाला, खोकला, "सॉरी" म्हणाला. पुढचं त्याला म्हणवेना. ते मुलांनी म्हटलं.