फुलीवरचं शून्य

वाल्मिकच्या डाळिंबांना पाणी फार तर आठ दिवस पुरणार होतं. बोअरची गाडी गुरुवारी चारला येणार होती आणि जागा मी सांगायची होती.

मी सावेडीत राहते, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. जमिनीत चार खुंट्या ठोकून, वीज सोडून ओल मोजायचं एक जुनं यंत्र आमच्या विभागात आहे. त्याची वायर आताच्या लॅपटॉपला बसत नाही. बसेल असा एकच मिळाला, वहीच्या अर्ध्या पानाएवढा, कुणीतरी विकायला काढलेला. त्यावर लिनक्स टाकलं तर सगळं आडवं दिसलं. पडदा मुळात उभा, टॅबलेटचा. सुरू होतानाची अक्षरं सरळ करायला एक ओळ लिहावी लागली, पुढच्या चित्रासाठी दुसरी. वाय-फायचा ड्रायव्हर वेगळा आणला. शेवटी राहिला पृथ्वीची ओढ मोजणारा सेन्सर. लॅपटॉप कलला की चित्र फिरवायचं काम त्याचं, आणि तो आत उलटा बसवलेला. तीन दिशांचे आकडे बघत त्याची फाईल लिहिली. टेबलावर स्थिर ठेवल्यावर ओढ नऊ पूर्णांक आठ यायला हवी. तेवढी आली.

वाल्मिक, माझा धाकटा भाऊ, देवळाली प्रवऱ्याच्या वरच्या अंगाला शेती करतो. कालव्याचं पाणी तिथं पोचत नाही. गुरुवारी दुपारी मी गेले तेव्हा आबासाहेब पानाड्यांनी पाणी शोधायला तळहातावर आडवा नारळ धरून रान फिरून पाहिलं होतं. नारळ उभा राहिला तिथं फक्कीची पांढरी फुली होती.

"आता तुझं बघ, ताई," वाल्मिक म्हणाला. "नारळापुढं नापास झालीस तर कालेजात सांगू नको."

बांधावर बसलेले आबासाहेब हसले नाहीत.

यंत्रानं फुलीखालीच सगळ्यात जास्त ओल दाखवली. दुसरी जागा चाळीस पावलांवर होती, तिथं बरीच कमी. वाल्मिकनं टाळी वाजवली.

वायर काढून मी लॅपटॉप तळहातावर घेतला आणि फुलीवर उभी राहिले. पडद्यावरचं चित्र फिरायला लागलं. थांबेचना. मी सेन्सरचे आकडे उघडले. तिन्ही दिशांना शून्य.

फाईल चुकली तर दिशा चुकते, ओढ नाहीशी होत नाही. दहा पावलं मागे आले, नऊ पूर्णांक आठ. परत गेले, शून्य. बंद करून चालू केला तरी शून्य. असा सेन्सर शून्य दाखवतो तो वस्तू हातातून सुटून पडत असताना. माझा हात स्थिर होता. मी पुन्हा मागे आले. पहिल्यांदा दहा पावलं लागली होती, या वेळी सतरा लागली.

"इथं नको," मी म्हणाले.

"का? ओल हाय म्हणतंय ना तुझं यंत्र?"

"ओल आहे."

"मग? चारशे झाडं हायत, ताई. ती बघ गाडी आली."

आबासाहेब जवळ आले. "किती वजन दावतंय?"

"काहीच नाही."

"नारळालाबी न्हवतं. उभा राह्यला, पन हातावर भारच न्हाई."

"मग फुली का मारलीत?"

"मला वाटलं, माजा हातच म्हातारा झालाय."

"तुमी दोघं बसा आता नारळ फोडत," म्हणत वाल्मिक तरातरा फुलीवर जाऊन उभा राहिला आणि हात वर करून गाडी बोलवू लागला.

रान नुकतंच रोटाव्हेटर मारलेलं, भुसभुशीत. त्याच्या बुटांचे ठसे बांधापासून बोटभर खोल उमटले होते. फुलीच्या हातभर अलीकडे ते संपले होते. माझेही तिथंच संपले होते. त्याच्या पायाखालची फक्की कुठंही विस्कटली नव्हती.

मी गाडीपुढे आडवी झाले. ड्रायव्हरनं ब्रेक मारून शिवी दिली.

"वाल्मिक, खाली बघ."

त्यानं बघितलं. एक पाय दाबला. मग सगळा जोर लावला. फक्कीचा कण हलला नाही. त्याचा चेहरा उतरला.

"ताई," तो बारीक आवाजात म्हणाला, "गाडी तिकडं लाव. चाळीस पावलांवर. कमी का असंना."

"लावते. आधी तू बाहेर ये."

"येतोय की कवाचा."

त्याचे पाय फुलीवरच चालत होते.