आईसाठी विणलेला स्वेटर

पहिल्यांदाच परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्यांना मी एकच सांगते: घरच्यांबद्दल विचारलं तर खरं सांगा. पाठवणाऱ्या संस्थेच्या सूचनांत एवढंच असतं, की घरचा फोटो न्या, वर्ग लवकर मोकळा होतो.

मी नेला होता. फोटोत आई माझ्या शेजारी उभी होती. तिला जाऊन चार महिने झाले होते.

"आई काय करते?" पहिल्याच दिवशी शिवणकाम करणाऱ्या काकूंनी विचारलं. वर्गात त्याच सगळ्यांत मोठ्या.

"घरी असते," मी बोलून गेले. मग रोज आईची चौकशी व्हायची आणि मी रोज ती मजेत असल्याचं सांगायची.

शेवटच्या आठवड्यात काकूंनी टेबलावर एक राखाडी स्वेटर ठेवला. "आईला द्या. माप फोटोवरून घेतलंय. चुकलं तर फोटोवाल्याला बोला, बाई."

वर्ग हसला. स्वेटर मुकाट्याने बॅगेत टाकता आला असता, पण त्यावर त्यांच्या कितीतरी दुपारी गेल्या होत्या.

"काकू, आई नाही आता. इथे येण्याआधीच गेली. मी खोटं बोलले."

काकूंनी स्वेटर उचलला. रागावल्या असं मला वाटलं. त्यांनी मला उभं केलं आणि तो माझ्या पाठीला लावून पाहिला.

"बाही आखूड पडतेय. वाढवून देते," त्या म्हणाल्या. "आता बस, आणि ती खरी कशी होती ते सांग. सोप्या इंग्रजीत. सगळ्यांना कळलं पाहिजे."