आजीचं पाणी आणि माझं बिऱ्हाड

बारा सप्टेंबर, सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटं. त्या वेळी माझ्या घरात कळशीभर पाणी शिरलं, आणि सगळं तिथून सुरू झालं.

मी दुमिच्का बोलतेय. बोलणं हेच माझं काम. मी कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम आहे. पडद्यावर दोनशे बारा चित्रं दाखवते. ज्या चित्रावर दाबाल तो शब्द मी मोठ्यानं म्हणते.

माझा जन्म प्लोवदिव शहरातला. मुक्या मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या जावयाकडून मला करून घेतलं. जावई पुढे परदेशी गेला, बाई वारल्या, आणि माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. फिरत फिरत मी या गावात रोसित्साच्या घरी आले. तिची कालिना सात वर्षांची. तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, पण तोंडातून शब्द निघत नाही. रोसित्सानं दोनशे बाराही शब्द स्वतःच्या आवाजात भरले. ‘सूप’ म्हणताना मागे कोंबडा आरवतो. ‘दुखतंय’ भरलं त्या दिवशी तिला पडसं होतं. कालिनाला तो शब्द तसाच आवडतो.

यंदा कालिना शाळेत जायची होती. रोसित्साला रोज नवी काळजी. हिला तहान लागली तर? पोट दुखलं तर? कुणी चिमटा काढला तर ही सांगणार कशी? म्हणून मला शाळेच्या कॉम्प्युटरवर बसवून द्या, असं ती मुख्याध्यापिका इग्नातोवा बाईंना सांगायला गेली.

“नवीन काही बसवायचं नाही,” बाई म्हणाल्या. “बसवायला परवलीचा शब्द लागतो. तो जिल्ह्याच्या गावच्या एका माणसाकडे आहे. मी त्याला पत्र लिहिलंय.”

“कधी?”

“मार्च महिन्यात.”

घरी येऊन रोसित्सा रडली. नवरा दोब्री म्हणाला, “रडतेस काय? आख्खा कॉम्प्युटरच नेऊ उचलून!” बारा तारखेला त्यानं मला हातगाडीत ठेवलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की घरातली म्हातारी तांब्याच्या कळशीत फूल घालून त्याच्या वाटेवर पाणी ओतते. काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. दोब्रीच्या आईनं, वेल्का आजीनं, ती रीत कधी चुकवली नाही. कुणाच्या वाटेवर ओतायचं आणि कुणाच्या नाही, हा भेद मात्र तिनं कधी केला नाही.

वाट अरुंद होती. हातगाडी नेमकी कळशीच्या खाली होती. कॉम्प्युटरच्या डोक्यावर वाऱ्यासाठी भोकं होती.

“आई! अगं काय केलंस हे!”

“शुभ केलं. तू गाडी मध्ये का आणलीस?”

कॉम्प्युटर तिथंच गेला. आजी कळशी घेऊन आत गेली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गावात एकच, प्लामेन. त्यानं डबा उघडला, पाणी ओतून काढलं, फूल बाजूला ठेवलं. म्हणाला, “वहिनी, डबा मेला. पण आतली साठवणीची तबकडी कोरडी आहे. दुमिच्का जिवंत आहे. तिचे आवाज आहेत, तिला बसवायची मूळ फाइलपण आहे.”

“जिवंत असून काय उपयोग? शाळेत बसवू देत नाहीत.”

“बसवायचं कशाला? बिऱ्हाड पाठीवर घेऊन पाठवू. जाईल, बोलेल, परत येईल. शाळेच्या कॉम्प्युटरवर तिचं पाऊलसुद्धा उमटणार नाही.”

मग त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरची मोजणी केली, कुठं काय आहे ते सगळं. मला आत बसवलं. पुन्हा मोजणी केली. जे जास्त निघालं ते माझं सामान. ते सगळं एका फाइलीत बांधलं, भोवती एक खोटं घर उभं केलं आणि पेनड्राइव्हवर ठेवलं. त्या घरात मी विचारते, माझं कपाट कुठाय? घर म्हणतं, हे काय, इथंच. मला वाटतं मी माझ्याच घरी आहे. माणसांनाही असंच काहीतरी करता आलं तर सासरी जाणं सोपं होईल.

तेरा तारखेला शाळेत मला उघडलं. इग्नातोवा बाईंनी चष्मा लावून पाहिलं. “बसवलं नाही ना?” “नाही,” रोसित्सा म्हणाली. “मग चालवायला मनाई नाही.”

चित्रं दिसली. कालिनानं दाबलं. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. तिनं ‘दुखतंय’ सात वेळा दाबलं. मग माझ्याकडे बघायचं सोडून ती आईच्या तोंडाकडे बघत बसली.

रोसित्सा तशीच दुकानात गेली. प्लामेन म्हणाला, “माझ्याकडे तर बोलली होती!”

“तुझ्याकडे बोलून काय करू? शाळा तुझ्या दुकानात भरते का?”

त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं, मग कपाळावर हात मारला. आवाज वाजवणारा प्रोग्रामचा तुकडा त्याच्या कॉम्प्युटरवर आधीपासूनच होता. म्हणून तो जास्तीत निघाला नाही, सामानात आला नाही. घरी मीठ असतंच, म्हणून प्रवासाला निघताना आपण मीठ बांधायला विसरतो, तसं.

“कोरा कॉम्प्युटर पाहिजे,” तो म्हणाला. मग त्यानं आपलाच कॉम्प्युटर पुसून काढला. त्यात त्याच्या पत्त्यांच्या डावाचे अकरा वर्षांचे गुण होते.  पुसण्याआधी त्यानं टोपी काढली. मोजणी, बसवणी, पुन्हा मोजणी. या वेळी मीठ आलं.

पंधरा सप्टेंबर. शाळेचा पहिला दिवस. कालिनाच्या हातात फुलं. वेल्का आजी चुलीपाशी पाठ करून बसलेली. कळशी तिनं कोठीत टाकली होती. रोसित्सानं ती जाऊन आणली, घासली, भरली.

“आई, ओता.”

“मी नाही ओतणार. माझ्या पाण्यानं पोरीची वाचा गेली.”

“ओता हो. पोर कोरडी गेली तर मला दिवसभर चैन पडणार नाही.”

पण रोसित्सानं आधी मला पेनड्राइव्हसकट मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत घातलं आणि झाकण घट्ट लावलं.

“हिचं लोणचं घालतेस का?” दोब्री म्हणाला.

आजीनं ओतलं. सगळं पाणी कालिनाच्या बुटांत गेलं.

वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी एकेकाला विचारलं, घरून निघताना काय झालं? मुलं सांगत गेली. कालिनाची पाळी आली. रोसित्सा दाराबाहेर उभी, हातात रिकामी बरणी.

कालिनानं तीन चित्रं दाबली. मी रोसित्साच्या आवाजात म्हटलं, “आजी. पाणी. पुरे.”

वर्ग हसला. शेजारची बिलयाना वाकून म्हणाली, “माझेपण मोजे ओले आहेत. तुझ्या आजीनंपण बुटात ओतलं?”

कालिनानं ‘हो’ दाबलं. मग, कुणी विचारलं नसताना, ‘सूप’ दाबलं. कोंबडा आरवला. बिलयाना म्हणाली, “परत कर.”

रोसित्सानं घरी जाऊन आजीला सांगितलं, तुमचं नाव पहिलं घेतलं पोरीनं. पुढे काय म्हणाली ते तिनं सांगितलं नाही.

आता मी रोज बरणीतून शाळेत जाते, बरणीतून येते. जिथं उघडाल तिथं बोलते, मागे काही ठेवत नाही. माझी दुसरी प्रत प्लामेनच्या दुकानात आहे, तिसरी आजीच्या उशीखाली. तिनं मागून घेतली.

तुमच्या ओळखीत असं लेकरू असेल, ज्याचं बोलणं एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये अडकलंय, तर त्याच्या आईला एवढं सांगा. पाणी पडायची वाट बघू नको. सामान आजच बांध, कोऱ्या कॉम्प्युटरवर बांध. आणि परक्या घरी एकदा लेकराच्याच बोटानं दाबून बघ. तिला सांगून झालं की तिच्या शेजारणीलाही सांगा.