गिरणी सुरू झाल्यावर

बायको, मालन, गेल्याचा फोन आला तेव्हा गुणाजी वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात लेथवर उभा होता. त्याने मशीन बंद केलं, हात पुसले आणि तडक इस्पितळ गाठलं. तिथे आणखी एक गोष्ट कळली. नळी घालून मालनच्या फुप्फुसातून काढलेल्या नमुन्याचा रिपोर्ट त्याच सकाळी आला होता. टीबी. नेहमीच्या औषधांनी बरा होणारा.

पूर्वी थुंकीच्या डबीवर हीच तपासणी झाली तेव्हा काही सापडलं नव्हतं. म्हणून न्यूमोनियाचे उपचार झाले आणि वेळ हातची गेली.

असं कसं, हे विचारायला गुणाजी प्रयोगशाळेतल्या कल्पिता मॅडमकडे गेला. त्यांनी समोर बसवून सांगितलं. मशीन जंतूचा डीएनए हुडकतं आणि त्याच्या एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा प्रती काढत जातं, जंतू ओळखू येईपर्यंत. पण वाढवायला डबीत मुळात काही उतरलेलं हवं. शून्याची दुप्पट शून्यच.

गुणाजीला पहिली डबी आठवली. मालनने मशेरी लावून, चूळ भरून, पदराआड तोंडातली थुंकी तिच्यात टाकली होती. छातीतून खाकरून बेडका काढला असता तर अख्ख्या चाळीला ऐकू गेलं असतं. मालनच्या माहेरी बायका शिंकतानासुद्धा तोंड दाबतात.

तेच माहेर सगुणाचं. मालनची धाकटी बहीण, राहायला विठ्ठलवाडीला. मालनच्या आजारपणात उशाशी तीच बसायची. तेराव्याला भांडी आवरताना ती खोकत होती आणि गुणाजीचे कान तिकडेच होते. दुसऱ्या सकाळी तो डबी घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

मला काय धाड भरलीय, म्हणत सगुणा मोरीत गेली आणि लगेच बाहेर आली. गुणाजीने डबी उजेडात धरली. आत पाणीच.

"ही मालनची डबी झाली," तो म्हणाला. "मला तुझी हवी."

सगुणा खाली बघत म्हणाली, "दाजी, भिंतीपलीकडे माणसं आहेत. गडीमाणसासारखी खाकरू होय मी?"

तिच्या इमारतीच्या तळाशी पिठाची गिरणी होती. गुणाजीने स्वयंपाकघरातला गव्हाचा डबा उचलला, पिशवीतली कोरी डबी तिच्या हातात दिली आणि तिला एकटीला गच्चीवर जायला सांगितलं. गिरणी घरघरायला लागली की बिनधास्त खाकर, म्हणाला. गिरणीवाल्याला त्याने दळण दोनदा घालायला लावलं. घाई नाही, अगदी बारीक हवं.

तो पीठ घेऊन वर आला तेव्हा डबीत घट्ट, पिवळट बेडका होता. सगुणाने पिठाच्या डब्यात बोट घालून पाहिलं.

"याच्या काय पोळ्या लाटू, दाजी? फुंकलं तर उडेल."

"उडू दे," गुणाजी म्हणाला, आणि डबी घेऊन प्रयोगशाळेकडे निघाला.

टीबीच निघाला, औषधाला दाद देणारा. आता सगुणाचा खोकला उतरलाय, अंगावर मांसही चढतंय. कोर्स संपेपर्यंत ती गोळी चुकवणार नाही, याची गुणाजीला खात्री आहे. परवा तिने विचारलं, ताईच्या शेजारी तर तुम्हीच झोपत होतात, मग तुमचं काय? बघू, म्हणाला तो.

गुणाजीच्या छातीचा एक्स-रे अजून काढायचा राहिला आहे.