मनोऱ्यावर अडकलेली चढगाडी

मी चढगाडी बोलतेय. वर बघा, अजून वर! तीनशे मीटर उंच मनोऱ्यावरून सोडलेल्या पट्टीला घट्ट धरून मी लटकले आहे. एक दिवस अवकाशापर्यंत दोर ताणायचा आणि त्यावरून माणसं वर न्यायची, असा इथल्या लोकांचा बेत होता. त्याचा सराव माझ्यावर चाले.

माझ्यात ना इंधन, ना बॅटरी. खालून विजेचा अदृश्य झोत यायचा, पोटाखालचं ताट तो झेलायचं आणि मी चढायचे. झोत थांबला की ब्रेक लागायचा. खाली उतरायचं तरी तो सुटायला झोतच हवा.

झोत सांभाळायचे काका. माझी चाकंही त्यांनीच बसवलेली. झोतात पाखरू भाजेल म्हणून दुर्बिणीत साधी चिमणी दिसली तरी खाड्कन झोत बंद! "जाऊ दे बिचारीला," म्हणायचे. मी आपली अधांतरी. अस्सा राग यायचा!

शेवटच्या चाचणीला मुख्य अभियंता बाईंनी बजावलं, "काका, आज खंड पडला तर प्रकल्प गेलाच म्हणून समजा."

मी निम्म्याहून वर पोचले आणि बगळ्यांची रांग आडवी आली. काकांचा हात आपसूक बटणावर गेला. परीक्षक उठून गेले, संध्याकाळी झोताच्या खोलीला कुलूप लागलं आणि मी वरच राहिले.

मला उतरवण्यासाठी काकांनी दोन महिने खेटे घातले. अखेर परवानगी मिळाली. शनिवारी वीज तोडणार होते, त्याआधी एकदाच झोत सोडायचा. काका धुतलेला सदरा घालून आले. दुर्बीण लावली आणि तशीच खाली ठेवली. माझ्या ताटाशेजारी घारीनं घरटं केलं होतं. आत दोन पिल्लं होती.

"काका, आत्ता नाही तर कधीच नाही," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे हो. पण भाजतील ती."

झोताची किल्ली न फिरवताच त्यांनी ती बाईंच्या हातात ठेवली.

पिल्लं परवा उडाली. उद्या मनोरा पाडणार आहेत, माझ्यासकट. काका आज कुंपणापाशी मान वर करून बसलेत. मघाशी म्हणाले, "चुकलो का गं मी?"

नाही हो, काका. माझा राग केव्हाच गेला. पिल्लं अंगाशी होती तेवढे दिवस मला एकटं वाटलं नाही. फक्त उद्या इकडे येऊ नका. तुमच्या हातांनी बसवलेली चाकं पडताना तुम्ही बघू नयेत, एवढंच माझं मागणं आहे.