छपरावरची होडी

"हे कुनी रोवलं?" लंकाबाई जीपमधून उतरली ती ओरडतच.

धरणाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कालपर्यंत काही नव्हतं. आज दोन बाजूंना दोन लोखंडी खांब आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा दांडा. खालून मोटारी खुशाल जाव्यात, पण लंकाबाईचा ट्रेलर जाऊ नये, इतक्याच उंचीवर. ट्रेलरच्या छपरावर होडी होती ना!

बाजूला मंगळू उभा होता. लंकाबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, अंगात रिसॉर्टच्या वॉचमनचा गणवेश. "वहिनी, सायबानी काल सांजच्याला बसवून घेतलं. म्या काय करू?"

"तू? खड्डे तूच खांदले असशील!"

मंगळूनं मातीचे हात गणवेशाला पुसले, म्हणजे त्यानंच खणले होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा पगारी असतो.

धरणात गाव बुडालं तेव्हा एक टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं. त्याचा सातबारा अजून झुंबरच्या, म्हणजे लंकाबाईच्या नवऱ्याच्या नावावर होता. दोघं तिथं झेंडू लावत. दोन हजार सालानंतर काठावर रिसॉर्ट आलं आणि साहेबांना पाण्यामधोमध हॉटेल काढायची हुक्की आली. त्यांनी टेकाड मागितलं, लंकाबाई नाही म्हणाली. मग एका सकाळी काठाला बांधलेल्या होडीच्या तळाला भोक सापडलं. ते बुजवलं, तर पुढच्या महिन्यात होडीला रिसॉर्टची साखळी. पाय थांबला की वहिवाट मोडते आणि वहिवाट मोडली की जमीन जाते, हे लंकाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. साखळी तोडून तिनं होडी घरी आणली. त्या दिवसापासून होडी रोज छपरावरून यायची आणि छपरावरून परत जायची.

ट्रेलर झुंबरनं देवळालीच्या लष्करी भंगारातून घेतलेला. आतलं हँडल फिरवलं की पत्र्याचं छप्पर वर उचललं जायचं, चारी बाजूंना ताडपत्री ताणली जायची, आणि पंचवटीत त्यात ताठ उभं राहून फुलं विकता यायची. छप्पर खाली बसवलं की त्यावर होडी. चढवायला चार माणसं लागत, उतरवायला एक दोर पुरे.

"होडी उतरवू, खालून वढत नेऊ," झुंबर म्हणाला. भांडणाला लांबूनच नमस्कार करणारा माणूस. "पान्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"आपन कुठं पान्यात गेलो? पानी आपल्या वावरात आलं!" लंकाबाई कडाडली. "आज वाकून जा, उद्या भित घालतील. मंग काय, उडून जाशाल?"

दसरा उद्यावर आला होता आणि टेकाडावर झेंडू खुडायचा राहिला होता. तिनं खांबाच्या बुडाशी अंगठा दाबला. ओल्या सिमेंटमध्ये अंगठा उमटला.

"दोर सोडा," ती म्हणाली.

होडी मागच्या बाजूनं सरकत खाली आली. झुंबरनं जीप पुढे घेतली आणि ट्रेलर बरोबर त्या दांड्याखाली थांबवला. लंकाबाई आत शिरली आणि हँडल फिरवू लागली. छप्पर वर चढलं, दांड्याला टेकलं, पत्रा करकरला.

"वहिनी, नोकरी जाईल माझी!" मंगळू धावत आला.

"गाव गेलं तवा ठणाणा केला व्हता का रे असा?"

हँडल घट्ट झालं. ती दात-ओठ खात अंगाचा भार टाकत होती आणि हँडल जागचं हलत नव्हतं. झुंबर दारात उभा राहून बघत होता. मग तोही आत आला आणि तिच्या हातांवर त्यानं आपले हात ठेवले. बाहेर एक खांब सिमेंटच्या गोळ्यासकट उपटून आला आणि दांडा रस्त्यावर आदळला.

छप्पर मात्र खाली येईना. एका बाजूला पार वाकलं होतं. अशा छपरावर पुन्हा होडी चढणार नव्हती. ते लंकाबाईच्या ध्यानात आलं, तशी ती पायरीवरच बसली. होडी काठावर ठेवली तर ती उद्या राहणार नाही, आणि होडी नाही तर टेकाड नाही.

"म्या तिकडंच ऱ्हाते," ती शेवटी म्हणाली. "होडी माझ्यापाशी. टेकाडावर येऊन कोन भोक पाडतं ते बघते."

"एकटी?"

"आपल्या जुन्या घराचं जोतं हाय तिथं. त्यावर पत्रे टाकून द्या. सासूनं मला तिथंच माप ओलांडाया लावलं व्हतं."

झुंबरला रडू आलं. रिसॉर्टवर, धरणावर, स्वतःच्या भित्रेपणावर, सगळ्यावर त्याला संताप आला. मग त्यानं होडीचा दोर उचलला. दोघांनी होडी उतारावरून ओढत पाण्यात घातली.

नवा दांडा आठवड्यात बसला, पहिल्यापेक्षा जाड. लंकाबाई सकाळी टोपल्या घेऊन काठाला येते, ट्रेलर दांड्यापाशी सोडून चालत आलेल्या झुंबरच्या हातात होडीतूनच देते आणि होडी वळवते. तो पंचवटीत फुलं विकतो.

दिवाळीत मंगळू ट्रेलरपाशी आला. अंगात गणवेश नव्हता. खाली बघत त्यानं विचारलं, "वहिनी घरी कवा येनार?"

"ती घरीच हाय," झुंबर म्हणाला.

संध्याकाळी दुकान आवरताना त्याचा हात अजून हँडलकडे जातो. मग तो ताडपत्री सोडतो, होडीचा मोकळा दोर गुंडाळून सीटखाली ठेवतो आणि जीप सुरू करतो.